गठ्ठा पाचवा की सहावा?

प्रश्न : ताई, मी खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे. नऊ वर्षं युजर मॅन्युअल आणि हेल्पची पानं लिहिली. आता आमच्या ग्राहक-नोंदींच्या सॉफ्टवेअरला एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच करून टाकणारा एआय, जोडणार आहेत आणि ती कामं करायला त्याच्या हाती जी टूल्स (अवजारं) द्यायची त्यांचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे आलंय. पहिलंच टूल आहे एकगठ्ठा नोंदी आर्काइव्ह करण्याचं. मी वर्णन लिहिलं, ‘दिलेल्या नोंदी एकत्रितपणे आर्काइव्ह करते.’ आमचा लीड म्हणतो, झालं की, मॉडेल (एजंटमागचा एआय) हुशार आहे, त्याला कळतं. मला मात्र झोप लागत नाहीये, कारण हे टूल बघता बघता हजारो नोंदी हलवू शकतं. माणसासाठी लिहिणं आणि एजंटसाठी लिहिणं यात नेमका फरक काय?
— एक वाचक, चंदननगर

उत्तर : तुमची झोप उडाली हे चांगलं लक्षण आहे. लीडला लागते, कारण काही बिघडलं तर पहिला फोन त्याला येत नाही.

आधी घरची एक गोष्ट सांगते. माझे बाबा महसूल खात्यात होते. कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सरकारी कचेरीत टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठा पद्धत असते. चालू प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, ठरावीक मुदतीनं पाठवायची नियतकालिकं आणि स्थायी आदेशांच्या संचिका असे पहिले चार. पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा. सहावा ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे नष्ट करायच्या कागदांचा. गंमत अशी की पाचवा आणि सहावा दिसायला सारखेच. दोन्हीतले कागद जुने, दोन्हींवर धूळ, दोन्हींशी टेबलाचा संबंध संपलेला. पण पाचव्यातला कागद तीस वर्षांनी कुणी मागितला तर सापडला पाहिजे, आणि सहाव्यातला पुन्हा कुणाला दिसणार नाही.

बाबा पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत असताना पंधरा दिवस रजेवर गेले. त्यांच्या जागी बसलेल्या माणसानं पाचव्या गठ्ठ्याची फाटलेली चिठ्ठी बदलून नवी लावली : ‘जुने कागद’. शिपाई नुकताच बदलून आलेला. त्याला सांगितलं होतं, जुने कागद काढायचेत. त्यानं चिठ्ठी वाचली आणि गठ्ठा रद्दीत गेला. आत फेरफाराची प्रकरणं होती. बाबा रजेवरून आले त्या दिवशी ते आणि तो शिपाई रात्री साडेनऊपर्यंत रद्दीवाल्याच्या गोदामात बसून वर्तमानपत्रांतून सरकारी कागद वेचत होते. बहुतेक मिळाले. मेमो निघाला तो शिपायाला. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, मेमो चिठ्ठी लिहिणाऱ्याला निघायला हवा होता.

तुमचं ‘दिलेल्या नोंदी एकत्रितपणे आर्काइव्ह करते’ हे वाक्य म्हणजे ती चिठ्ठी आहे. खोटं त्यात काही नाही. पण जो ते वाचून हात चालवणार, त्याला पाचवा की सहावा हे त्यातून कळत नाही.

आता फरक. माणूस तुमचं मॅन्युअल वाचतो तेव्हा त्याच्यापुढे स्क्रीन असतो. बटण लाल आहे की करडं, ते दिसतं. पलीकडच्या खुर्चीतल्या बाईला विचारता येतं, ‘अहो, हे दाबलं तर परत येतं ना?’ मागच्या वर्षी कुणीतरी घातलेला घोळ लक्षात असतो. एजंटला यातलं काही नाही. तुमच्याकडे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल वापरत असतील (एजंटला टूल्स जोडायचा ठरावीक रिवाज, अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला, आता बऱ्याच ठिकाणी चालतो), तर टूलची ओळख म्हणून एजंटपुढे मुख्यतः तीन गोष्टी येतात : टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा स्कीमा. त्यावरून तो ठरवतो की हे टूल उचलायचं की नाही, आणि उचललं तर त्यात काय भरायचं. म्हणजे तुम्ही लिहिताय तो निर्णयाचा आधार आहे. मदतीचं पान म्हणून त्याच्याकडे बघूच नका.

आणखी एक गोष्ट. माणूस मॅन्युअल वाचत नाही हे आपण नऊ वर्षं, मी तर तेवीस वर्षं, गिळून बसलोय. एजंट वाचतो. प्रत्येक शब्द, प्रत्येक वेळी. पहिल्यांदा मला याचा फार आनंद झाला होता. मग लक्षात आलं की शब्दश: वाचणारा वाचक फार महागात पडतो. आपण सवयीनं लिहिलेलं ‘इत्यादी’ सुद्धा तो कामाला लावतो.

‘आर्काइव्ह’ हा शब्द मुळातच घसरडा आहे. जीमेलमध्ये पत्र आर्काइव्ह केलं की ते इनबॉक्समधून उठतं, पण ‘ऑल मेल’मध्ये असतंच, आणि कुणी उत्तर दिलं की संभाषण पुन्हा इनबॉक्समध्ये हजर. व्हॉट्सअ‍ॅपवर आर्काइव्ह केलेला ग्रुप नवा निरोप आला तरी एरवी तिथेच गपचूप पडून राहतो (सासरच्या ग्रुपसाठी यासारखी दुसरी सोय नाही). नोशन या टिपणं ठेवायच्या अ‍ॅपच्या एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमनं त्याच्याकडून काम करून घ्यायच्या खिडकीत) पान ‘आर्काइव्ह’ करणं म्हणजे ते ट्रॅशमध्ये टाकणं होतं. पुढे त्यांनी त्यासाठी ‘इन ट्रॅश’ असं सरळ नाव आणलं. मॉडेलनं हे सगळे अर्थ कुठे ना कुठे वाचलेले असतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातला कोणता लागू, हे त्याला तुम्हीच सांगायचं. नाहीतर तो सर्वांत रुळलेला अर्थ धरतो, आणि तुमच्या दुर्दैवानं तो बरोबर असतोही. दहापैकी आठ वेळा.

मी असं टूल लिहिलं होतं त्याचं वर्णन मराठीत करून देते. कोडमध्ये नावं अर्थातच रोमन लिपीत होती.

‘ग्राहक_नोंदी_आर्काइव्ह_करा. दिलेल्या आयडींच्या ग्राहक-नोंदी चालू यादीतून काढून आर्काइव्हमध्ये ठेवते. नोंद पुसली जात नाही. ग्राहक_नोंदी_परत_आणा या टूलनं ती परत आणता येते. आर्काइव्ह झालेली नोंद शोधात आणि अहवालांत दिसत नाही. तिच्यावर लावलेले रिमाइंडर रद्द होतात, आणि नोंद परत आणली तरी रिमाइंडर परत येत नाहीत. ज्या ग्राहकाची तक्रार अजून उघडी आहे त्याची नोंद आर्काइव्ह होत नाही. ती कारणासह नाकारलेल्यांच्या यादीत येते. एका वेळी जास्तीत जास्त १०० आयडी. जास्त दिल्यास एकही नोंद न हलवता त्रुटी परत येते. आयडी अंदाजानं भरू नयेत. ग्राहक_शोधा या टूलच्या निकालातूनच घ्यावेत. वापरकर्त्यानं कायमचं पुसायला सांगितलं असेल तर हे टूल वापरू नये. तो नुसतं “काढून टाका” म्हणाला असेल, तर आर्काइव्ह करायचं की कायमचं पुसायचं, हे आधी विचारावं.’

शंभरेक शब्द झाले. लीड म्हणेल, केवढं लांबलचक. त्याचं अगदीच चूक नाही, कारण ही वर्णनं प्रत्येक संभाषणात मॉडेलच्या पुढ्यात पडून असतात आणि टूल्स चाळीस झाली की त्यांचाच ढीग होतो. म्हणून कात्री लावायची असेल तर ‘हे शक्तिशाली टूल आपला वेळ वाचवतं’ छापाच्या वाक्यांना लावा. परिणामांच्या वाक्यांना लावू नका.

यातलं रिमाइंडरचं वाक्य बघा. माझ्या पहिल्या खर्ड्यात नुसतं ‘परत आणता येते’ होतं. इंजिनिअरनंही मान डोलावली होती. मग मी त्याला खाली टपरीवर नेलं आणि विचारलं, एक नोंद आर्काइव्ह केली, लगेच परत आणली, तर ती हुबेहूब पहिल्यासारखी असते का? हो म्हणाला. कटिंग अर्धा झाल्यावर म्हणाला, ‘म्हणजे, रिमाइंडर सोडून.’ दुसऱ्या दिवशी त्याला आठवलं की आर्काइव्ह होताना ग्राहकाला ‘आपलं खातं निष्क्रिय करण्यात आलं आहे’ असा मेलही जातो. तो मेल काही परत आणता येत नाही! त्यावर आम्ही वर्णनात वाक्य घातलं नाही, एकगठ्ठा कामात तो मेलच बंद करायला लावला. डॉक्युमेंटेशन लिहिताना टूलच बदलावं लागलं असं माझ्या बाबतीत पाच-सहा वेळा झालंय. जे दोन वाक्यांत सांगताना आपण अडखळतो, तिथे बहुधा टूलच वाकडं असतं.

‘हे टूल कधी वापरू नये’ हा भाग लोक गाळतात, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या पुण्यात फाटकावर पाटी लावणारा ‘गाडी लावू नये’ एवढ्यावर थांबत नाही. तो पुढे लिहितो, ‘दोन मिनिटांसाठीसुद्धा’. कारण समोरचा काय सबब सांगणार हे त्याला अनुभवानं माहीत असतं. टूलच्या वर्णनात तुम्हाला ते दोन मिनिटांसाठीसुद्धा शोधायचंय. पुसण्याचं टूल दिलेलंच नसेल आणि वापरकर्ता ‘पुसून टाक’ म्हणाला, तर एजंट जवळचं टूल म्हणून आर्काइव्ह उचलतो आणि ‘पुसलं’ असं सांगून मोकळा होतो. ग्राहकानं आपली माहिती कायमची काढायला सांगितली असेल तर हे खोटं आश्वासन ठरतं आणि निस्तरायची वेळ तुमच्यावर येते.

टूल उत्तरात काय परत देतं, तेही लिहा. बरीच एपीआय एकगठ्ठा आर्काइव्ह झाल्यावर २०४ हा कोड देतात, म्हणजे ‘झालं, सांगण्यासारखं काही नाही’. प्रोग्रॅमला तेवढं पुरतं. एजंटला पुढे माणसाशी बोलायचं असतं, आणि हाती काही नसलं की तो सभ्यपणे वाक्य जुळवतो : ‘सर्व १०० नोंदी यशस्वीरीत्या आर्काइव्ह केल्या.’ त्यातल्या तीन नाकारल्या गेल्या होत्या हे कुणालाच कळत नाही. म्हणून प्रत्येक आयडीचं काय झालं ते परत द्या : झाली, आधीच आर्काइव्ह होती, नाकारली आणि का. ‘आधीच होती’ ही त्रुटी समजू नका. मध्येच नेट गेलं तर एजंट तोच गठ्ठा पुन्हा पाठवणार, आणि तेव्हा त्यानं घाबरून जाऊ नये असं आपल्याला हवंय.

माझा स्वतःचा घोळ सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. बाणेरच्या एका कंपनीत मी आर्काइव्हच्या टूलचं वर्णन चार वेळा घासूनपुसून लिहिलं. शेजारच्या ‘शोधा’ टूलकडे मात्र बघितलंच नाही. ते एका वेळी ५० निकाल देत होतं आणि पुढचं पान आहे हे कुठेही सांगत नव्हतं. एका शाखेतल्या बाईंनी एजंटला दोन वर्षांपूर्वीच्या सगळ्या नोंदी आर्काइव्ह करायला सांगितल्या. नोंदी १,२४० होत्या. एजंटनं शोधलं, ५० मिळाल्या, ५० आर्काइव्ह केल्या आणि कळवलं, सगळ्या झाल्या. बाईंनी विश्वासानं महिन्याचा अहवाल काढला. पुढचं सांगत बसत नाही. माझं वर्णन निर्दोष होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण एजंट एक टूल वाचत नाही, साखळी चालवतो. शोधच्या उत्तरात ‘एकूण १,२४०, यातले ५० दाखवले’ एवढी एक ओळ असती तरी निभावलं असतं.

---

प्रश्न : आमचं वाचनालय पेठेतलं, जुनं. सभासदांच्या नोंदी संगणकावर आहेत आणि कार्यकारिणीतल्या एका तरुण सदस्यानं त्याला एआय एजंट जोडून दिला. मी त्याला सांगितलं, ‘ज्यांनी ३१ मार्च २०२३ नंतर वर्गणी भरलेली नाही ते सभासद आर्काइव्ह कर.’ त्यानं ते केलं. दुसऱ्या दिवशी आमचे एक ज्येष्ठ आजीव सभासद पुस्तक बदलायला आले आणि त्यांचं नावच सापडेना. त्यांनी काउंटरवर जे ऐकवलं ते येथे लिहीत नाही. सर्वच आजीव सभासद यादीतून गेले होते. दोष कोणाचा?
— एक कार्यवाह, पुणे ३०

उत्तर : आपण सांगितलेलं त्यानं अक्षरश: केलं, आणि गोची तिथेच आहे. आजीव सभासद एकदाच रक्कम भरतो. त्याच्या नोंदीत ‘शेवटची वर्गणी’ हा रकाना एक तर रिकामा असतो किंवा त्यात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची तारीख असते. ‘३१ मार्च २०२३ नंतर भरलेली नाही’ या अटीत दोन्ही चपखल बसतात. काउंटरवरच्या आपल्या माणसाला आजीव म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एजंटला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या तरुण सदस्याला माझ्यातर्फे तीन गोष्टी सांगा. त्या त्याला आवडणार नाहीत, कारण त्यानं रविवार घालवून हे केलेलं असणार.

एक म्हणजे, एकगठ्ठा आर्काइव्हच्या टूलनं अट घेऊच नये, यादी घ्यावी. ‘या अटीत बसणारे सगळे’ असं टूल असलं की नेमके कोण जाणार हे ते गेल्यावरच कळतं. आधी शोधायचं, नावं समोर आणायची, मग त्याच नावांचे सभासद क्रमांक आर्काइव्हच्या टूलला द्यायचे. या दोन पायऱ्यांच्या मध्ये आपण चष्मा लावून यादीवरून नजर फिरवली असतीत, तर दुसऱ्याच ओळीला थबकला असतात.

दुसरं, रिकाम्या रकान्याचा अर्थ टूलच्या वर्णनात लिहावाच लागतो. ‘शेवटच्या वर्गणीची तारीख रिकामी असल्यास सभासद आजीव किंवा मानद असू शकतो, अशा नोंदी वगळाव्यात आणि वापरकर्त्याला वेगळ्या दाखवाव्यात.’ प्रत्येक जुन्या संस्थेत अशा मुक्या जागा असतात. कुणीतरी १९९६ साली रकाना मोकळा सोडला, त्याला तेव्हा कारण होतं, आणि ते कारण एका माणसाच्या डोक्यात आहे. बहुधा आपल्याच. ते कागदावर उतरवून द्या.

तिसरी तारखेची. ०४/०३/२०२३ हे आपल्याला चार मार्च, अमेरिकी रिवाजाला तीन एप्रिल. आपल्या आर्थिक वर्षात ही एक तारीख मार्चएन्डच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे पडते, म्हणजे सभासद एका वर्षातून दुसऱ्यात जातो. स्कीमात सांगून टाकावं की आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि वेळ भारतीय प्रमाणवेळेची. वेळेचं का, तर सर्व्हर ग्रिनिचच्या घड्याळावर चालत असेल तर तो आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो. एक एप्रिलला पहाटे दोन वाजता ऑनलाइन भरलेली वर्गणी त्याच्या लेखी ३१ मार्चचीच. पहाटे दोनला वर्गणी कोण भरतो असं आपण म्हणाल. नातवंडं आजोबांसाठी भरतात, आणि त्याच वेळी जागी असतात.

दोषाचं विचारलंत. ज्येष्ठ सभासदांना सांगताना तो आपल्याकडेच घ्या, ‘संगणकानं केलं’ असं म्हणू नका. पेठेत ते चालणार नाही. नोंदी आर्काइव्हच झाल्या असतील, पुसल्या गेल्या नसतील, तर परत आणता येतील. फक्त त्या दिवशी नेमक्या कोणकोणत्या गेल्या याची नोंद त्या एजंटनं ठेवली आहे का, हे आजच बघून घ्या. यादीच नसेल तर परत आणायचं म्हणजे काय आणायचं हे ठरवणंच मोठं काम होऊन बसतं. पुण्याच्या अभिलेखागारातलं पेशवे दफ्तर रुमालांत बांधलेलं आहे, आणि कोणत्या रुमालात काय याच्या याद्यांच्या जिवावर अभ्यासक आजही आपला कागद शोधून काढतात. आपल्या वाचनालयाच्या कपाटात १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले त्या दफ्तराचे निवडक खंड असतीलच. त्या तरुण सदस्याला एखादा चाळायला द्या.

---

प्रश्न : मी एजंटची टूल्स बनवतो. आर्काइव्हच्या टूलमध्ये ‘खात्री’ नावाचं पॅरामीटर, म्हणजे एजंटनं भरायचा रकाना, ठेवलंय. ते ‘होय’ असल्याशिवाय काम होत नाही, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये ‘वापरकर्त्याची खात्री करून घेतल्यावरच होय भरा’ असं स्पष्ट लिहिलंय. एवढी काळजी पुरेशी ना?
— एक इंजिनिअर, बावधन

उत्तर : नाही. ‘होय’ भरणारा कोण? एजंटच. पोराच्या प्रगतिपुस्तकावर पोरानंच सही करायची, फक्त ‘वडिलांना विचारून’ असं वर छापायचं, तसं हे झालं. बहुतेक वेळा तो खरंच विचारेल. पण पहिल्या वेळी ‘खात्री नाही’ अशी त्रुटी आली की कामसू एजंट काय करतो हे मी लॉगमध्ये पाहिलंय. ‘होय’ भरून तेच पुन्हा पाठवतो. त्याच्या दृष्टीनं त्यानं त्रुटी दुरुस्त केली!

ते वाक्य ठेवा, नुकसान नाही. पण अडसर डॉक्युमेंटेशनच्या बाहेर लागतो. एजंट ज्या अ‍ॅपमध्ये चालतो तिथे माणसापुढे चौकट यायला हवी, ‘या ६२ नोंदी आर्काइव्ह होतील’, आणि बटण माणसाच्या बोटाखाली हवं. शिवाय सर्व्हरवर परवानगी : ज्या वापरकर्त्याला स्वतः नोंदी हलवायचा हक्क नाही, त्याच्या एजंटलाही नाही.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूलला काही खुणा जोडता येतात. ‘डिस्ट्रक्टिव्ह हिंट’, म्हणजे ‘हे टूल असलेल्याची मोडतोड करू शकतं’, ही त्यातली एक. काहीच लिहिलं नाही तर ती खरी धरावी असं ठरलेलं आहे. आर्काइव्ह परत आणता येतं म्हणून ती खोटी करायचा मोह होतो, कारण मग काही अ‍ॅप मध्ये थांबवत नाहीत आणि डेमो झरझर होतो. करू नका. त्या खुणेला ‘खोटं’ म्हणजे टूल फक्त भर घालतं, असलेलं काही हलवत नाही. तुमचं हलवतं. ‘आयडेम्पोटंट हिंट’ मात्र खरी ठेवा, जर तोच गठ्ठा दुसऱ्यांदा पाठवल्यानं आणखी काही घडत नसेल तर. आणि या खुणा म्हणजे नुसत्या सूचना आहेत. परक्या सर्व्हरच्या खुणांवर विसंबू नये असं प्रोटोकॉलच सांगतो.

---

प्रश्न : आमचे वापरकर्ते एजंटशी मराठीत बोलतात. मग टूलचं डॉक्युमेंटेशनही मराठीत लिहावं का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : सगळं लिहायची गरज नाही. मोठी मॉडेलं मराठी प्रश्न आणि इंग्रजी वर्णन यांची सांगड बरी घालतात, आणि देवनागरी मजकुराला बहुधा त्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचतं ते) लागतात, म्हणजे खर्च वाढतो. पॅरामीटरची नावं तर रोमनमध्येच ठेवा.

पण तुमचे वापरकर्ते जे शब्द खरोखर वापरतात ते वर्णनात यायला हवेत, आणि ते खुर्चीत बसून सुचत नाहीत. मी मागे एका ऑफिसात दोन दिवस काउंटरच्या मागे स्टूल टाकून बसले होते. ‘आर्काइव्ह’ हा शब्द एकदाही ऐकू आला नाही. ‘हे बंद करा’, ‘यादीतून उडवा’, ‘बाजूला टाका’, ‘याला आता मागे ठेवा’. यातलं ‘उडवा’ म्हणजे पुसा की बाजूला ठेवा? मी विचारलं तर तिघांनी तीन उत्तरं दिली. ‘बंद करा’चं तर खातं बंद, तक्रार बंद आणि फाइल बंद असे तीन अर्थ एकाच टेबलावर. असे शब्द सापडले की वर्णनात लिहून टाकायचं की हे ऐकलं तर आधी विचार.

सर्वांत जास्त फसवलं ते एका निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्क बाईंनी. त्यांनी एजंटला टाइप केलं, ‘ही बावीस प्रकरणं दप्तरी दाखल करा.’ आर्काइव्हला याहून नेमका मराठी शब्द नाही, कचेरीत शंभर वर्षं तोच चालतोय. एजंटनं ‘दाखल’ पकडलं आणि बावीस नवी प्रकरणं तयार करायला घेतली. सात झाल्यावर त्यांनी थांबवला. त्या संध्याकाळी मी वर्णनात एक ओळ वाढवली : ‘दप्तरी दाखल करणे म्हणजे आर्काइव्ह करणे, नवी नोंद करणे नव्हे.’ ती सात प्रकरणं काढायला मात्र बाईंनी एजंट वापरू दिला नाही. स्वतः एकेक करून काढली.